अंगाला शोभणारा स्वेटर कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वेटर अंगाला शोभतो, म्हणजे नेमकं काय होतं?

गळा, खांद्याची शिवण, बाहीचं टोक आणि खालची पट्टी अशा चार ठिकाणी स्वेटर अंगावर रेघ ओढतो. बघणाऱ्याची नजर या रेघांवर थबकते आणि तिथल्या भागाची रुंदी टिपते. रेघ मनगटाच्या हाडावर पडली तर मनगट नाजूक दिसतं. तीच मांडीच्या सर्वांत भरलेल्या जागी पडली तर मांडी आणखी भरलेली दिसते. स्वेटर खुलण्या-न खुलण्याचा बराचसा निकाल इथेच लागतो. रंग आणि नक्षीला महत्त्व आहेच, पण चुकीच्या जागी संपणाऱ्या स्वेटरला सुंदर रंगही सावरून घेऊ शकत नाही.

शरीराला फळांची किंवा भूमितीतल्या आकृत्यांची नावं देणारे तक्ते मी इथे मुद्दाम घेतलेले नाहीत. कमरेचं माप सारखं असलेल्या दोघींपैकी एकीचे खांदे रुंद असतात, तर दुसरीचं धड आखूड आणि पाय लांब. तक्त्यात दोघी एकाच रकान्यात बसतात, स्वेटर मात्र दोघींना वेगळा लागतो. आरशासमोर उभं राहून चारही रेघा कुठे पडताहेत ते पाहायची सवय लागली, की तक्त्याची गरज उरत नाही.

घालून पाहताना सर्वांत आधी काय तपासायचं?

खांदा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर, जिथून दंड सुरू होतो बरोबर तिथे, यायला हवी. ती मानेकडे सरकली असेल तर स्वेटर लहान आहे. हात वर केला की खालची पट्टी कमरेच्या वर चढेल. शिवण दंडावर उतरली असेल आणि स्वेटर मुद्दाम तसा बेतलेला नसेल, तर खांदे पडल्यासारखे दिसतात आणि काखेत झोळ साचतो.

मग मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर. दोन्ही हात पुढे घेऊन स्वतःला मिठी मारा. पाठ ताणली गेली किंवा काखेत काचलं तर मुंढा लहान आहे. हात खाली सोडल्यावर काखेपासून छातीकडे तिरक्या चुण्या दिसत असतील तर छातीला घेर कमी पडतोय. त्यानंतर खुर्चीवर बसा. उभं असताना नीट वाटणारा स्वेटर बसल्यावर पोटाशी गोळा होऊन राहतो का, पाठीमागून वर सरकतो का, हे तेव्हाच कळतं. शेवटी आरशात पाठ पाहा, ती बहुतेक जणी पाहत नाहीत. ब्राच्या पट्ट्याभोवती स्वेटर रुतलेला दिसला तर एक माप मोठं घ्या.

घेर थोडा सैल असला तर चालवून घेता येतो, चुकलेला खांदा घेता येत नाही. विणलेलं कापड कापलं की टाके सुटत जातात, त्यामुळे खांद्याची दुरुस्ती सगळ्यांत अवघड.

रॅगलन बाही आणि उतरता खांदा यांच्या बाबतीत हाच नियम लागतो का?

नाही, कारण त्यांना खांद्यावर शिवणच नसते. रॅगलन बाहीची शिवण काखेतून निघून तिरकी गळ्यापर्यंत जाते. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलन या ब्रिटिश सेनानीचं नाव या बाहीला मिळालं. हात हलवायला ती फार मोकळी असते. तिरक्या शिवणी नजरेला गळ्याकडे नेतात, म्हणून रुंद खांदे तिच्यात सौम्य दिसतात. खांदे मुळात अरुंद किंवा उतरते असतील तर मात्र ते आणखी उतरते दिसतात. अशा अंगाला खांद्यावर नीट बसवलेली बाहीच बरी.

उतरत्या खांद्याच्या स्वेटरची शिवण दंडावर पडते. दंड भरलेले असतील तर ही आडवी रेघ नेमकी त्यांच्या सर्वांत जाड भागावर येते. हा प्रकार आवडत असेल तर शिवण थोडी आणखी खाली, कोपराकडे येणारी निवडा आणि तिथून पुढे बाही निमुळती आहे ना ते बघा.

लांबी कुठे संपावी?

सगळ्यांत जास्त फरक या एका गोष्टीने पडतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

कमरेपासून मांडीपर्यंत तीन जागा लक्षात ठेवा: कमरेची सर्वांत बारीक जागा, कमरेच्या खाली पुढच्या बाजूने हाताला लागणारं ओटीपोटाचं हाड, आणि नितंबांची सर्वांत रुंद पातळी. स्वेटर हाडाच्या आसपास संपला तर पाय लांब दिसतात आणि धड आटोपशीर दिसतं. बहुतेक जणींना ही लांबी मानवते, आणि जीन्स, ट्राउझर, स्कर्ट अशा कशावरही चालते. स्वेटर नितंबांच्या रुंद पातळीवर संपला की पट्टीची आडवी रेघ तिथेच उमटते. त्यातून पट्टी घट्ट रिबची, म्हणजे उभ्या धारांच्या ताणल्या जाणाऱ्या विणीची, असेल तर वरचं कापड फुगतं, खालचं आवळतं, आणि रुंदी दुपटीने जाणवते. नितंब झाकायचेच असतील तर अर्धवट झाकू नका. सरळ मांडीच्या मध्यापर्यंत या, आणि खाली निमुळती पॅंट घाला.

कमरेशी संपणारा आखूड स्वेटर फक्त सडपातळ मुलींसाठी असतो, या समजुतीमुळे कितीतरी जणी त्याच्या वाटेला जात नाहीत. उंच कमरेच्या स्कर्टवर किंवा ट्राउझरवर तो घातला तर पोट उघडं पडायचा प्रश्नच येत नाही. खालचा कपडा कमरेपासून सुरू होतो आणि पाय तिथूनच सुरू झाल्यासारखे दिसतात. उंची कमी असेल तर हा उपाय आधी करून पाहा.

धड लांब आणि पाय आखूड असतील तर उंच कमरेचा खालचा कपडा आणि आखूड स्वेटर. धड आखूड असेल तर हाडापाशी संपणारा सरळ स्वेटर; कमरेत फार आखूड घेतला तर छाती आणि कंबर एकमेकींना चिकटल्यासारखी दिसतात.

हाती असलेला स्वेटर थोडा लांब असेल तर पुढचा थोडासा भाग कमरपट्ट्यात खोचून मागचा मोकळा सोडा. पुढची आडवी रेघ मोडते आणि कंबर कुठे आहे ते कळतं. हे पातळ विणीतच जमतं; जाड स्वेटर खोचला तर कमरेशी गाठोडं होतं.

माझं पोट सुटलंय. एक-दोन मापं मोठा घेऊ का?

मोठा स्वेटर पोट लपवत नाही, खांद्यापासून खालपर्यंत सगळंच पोटाच्या मापाचं करून टाकतो. मोठ्या मापात खांदा उतरतो, मुंढा खाली येतो, बाह्या लोंबतात. तुमचे बारीक असलेले भाग, म्हणजे मनगट, गळा, काखेखालची बरगड्यांची जागा, तेच झाकले जातात.

खांद्याला बरोबर बसणारा आणि छातीखालून किंचित मोकळा होत जाणारा स्वेटर बघा. खाली घट्ट रिबची पट्टी नको, कारण ती पोटाखाली अडकते आणि वर फुगा येतो. सरळ सुटी कड किंवा दोन्ही बाजूंना छोट्या फटी असलेली कड चांगली. वीण पातळ ते मध्यम असावी आणि कापडाला थोडं वजन असावं, म्हणजे ते अंगावरून सरळ खाली पडतं. अगदी तलम आणि तंग कापड प्रत्येक वळी दाखवतं.

कोणता गळा कोणाला?

व्ही गळा मानेखाली उघडी उभी जागा तयार करतो, म्हणून मान आखूड असेल, चेहरा गोल असेल किंवा छाती भरलेली असेल तर तो सहसा खुलतो. त्याची खोली आवडीप्रमाणे ठेवा. काखेच्या पातळीच्या थोडं वर संपणारा व्ही आत काही न घालताही रोज वापरता येतो.

बंद गोल गळा लांब मानेला आणि लहान छातीला छान दिसतो. भरलेल्या छातीवर तो गळ्यापासून खालपर्यंत एकच अखंड पृष्ठभाग करतो आणि छाती मोठी भासते. गोल गळाच आवडत असेल तर गळपट्टीच्या हाडांपर्यंत उघडा, खोलगट गोल गळा घ्या.

बोटीसारखा रुंद, आडवा गळा खांदे रुंद दाखवतो. खांद्यांपेक्षा नितंब रुंद असतील तर वर-खाली तोल साधायला तो उपयोगी पडतो. खांदे आधीच रुंद असतील तर सोडून द्या.

उंच बंद गळ्याबद्दल मान आखूड असलेल्यांच्या मनात भीती असते. दुमडलेला जाड गळा खरंच मान गिळून टाकतो. पण पातळ विणीचा, हनुवटीच्या बराच खाली थांबणारा, न दुमडलेला अर्धा उंच गळा घालून बघा. केस वर बांधले तर फरक आणखी जाणवतो.

छाती भरलेली असेल तर आणखी काय सांभाळावं?

वीण. रिबच्या कापडात उभ्या धारा असतात, त्या छातीवर फाकतात आणि खाली पुन्हा जवळ येतात. धारांच्या या फरकामुळे उंचवटा ठळक होतो. छातीवर वेण्या, मोठी फुलं, पुढे खिसे, हेही तसंच करतं. साधी सुलट वीण, पातळ ते मध्यम जाडी आणि व्ही किंवा खोल गोल गळा हा सुखाचा मार्ग. कार्डिगन, म्हणजे पुढून उघडणारा बटणांचा स्वेटर, घेत असाल तर बटणं लावून, हात मागे ताणून पाहा. दोन बटणांमध्ये फट पडली तर माप मोठं घ्या, नाहीतर वरची-खालची बटणं उघडी ठेवायच्या बेतानेच घ्या.

आतला कपडाही तितकाच महत्त्वाचा. नीट मापाची, गुळगुळीत ब्रा घातली की छाती वर उचलली जाते, कंबर मोकळी दिसते, आणि तोच स्वेटर वेगळा दिसायला लागतो.

आडव्या पट्ट्या माणसाला जाड दाखवतात ना?

हा समज इतका पक्का आहे की अनेक जणी पट्ट्यांच्या स्वेटरला हातही लावत नाहीत. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं, की सारख्या आकाराच्या दोन चौरसांपैकी आडव्या रेघांनी भरलेला चौरस उंच आणि अरुंद दिसतो, उभ्या रेघांचा रुंद. १८६७ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या दृष्टिशास्त्राच्या ग्रंथात आडव्या पट्ट्यांच्या झग्यांमुळे बायका उंच दिसतात, असाही उल्लेख आहे. यॉर्क विद्यापीठातले पीटर थॉम्पसन आणि कायरिआकी मिकेलिडू यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्त्रियांच्या चित्रांवर हे तपासलं. आडव्या पट्ट्यांनी स्त्री जाड दिसते, याला त्यातही आधार मिळाला नाही.

चित्रातली स्त्री सपाट कागदावर असते, आणि खऱ्या अंगावर पट्ट्या वळतात, हे मात्र ध्यानात घ्यायला हवं. छातीवर किंवा पोटावर पट्टी वाकली की उंचवटा दिसतो. त्यामुळे पट्ट्यांचा स्वेटर तंग घेऊ नका. बोटभर किंवा त्याहून अरुंद पट्ट्या आणि पट्टी सरळ राहील इतका मोकळा घेर असला, तर खुशाल घाला. हातभर रुंदीचे दोन-तीन रंगांचे ठोकळे असतील तर त्यांच्या सीमा कुठे पडतात ते बघा. ती सीमाही एक रेघच आहे, आणि तिला लांबीचाच नियम लागतो.

काळा रंग सगळ्यांनाच बारीक दाखवतो का?

काळ्यावर चुण्यांच्या आणि वळ्यांच्या सावल्या दिसत नाहीत, म्हणून अंगाचे उंचसखल भाग सपाट वाटतात. शिवाय गडद वस्तू त्याच आकाराच्या फिक्या वस्तूपेक्षा किंचित लहान भासते. म्हणजे परिणाम खरा आहे. तो गडद निळा, गडद हिरवा, जांभळट तपकिरी यांनीही जवळपास तितकाच मिळतो.

पण स्वेटरचा रंग चेहऱ्याला लागून असतो. कित्येक जणींच्या चेहऱ्यावर काळ्यामुळे डोळ्यांखालची वर्तुळं ठळक होतात आणि चेहरा थकलेला दिसतो. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, स्वेटर हनुवटीखाली धरा आणि स्वेटरकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहा. त्वचा एकसारखी आणि डोळे चमकदार दिसले तर तो रंग तुमचा. दुकानातल्या दिव्यांखाली ही परीक्षा होत नाही.

स्वेटर आणि खालचा कपडा जवळपास एकाच गडदपणाचे असतील तर अंगावर तुटक रेघ पडत नाही आणि उंची अखंड दिसते. दोन्ही एकाच रंगाचे असायला हवेत असं नाही. गडद निळ्यावर कोळशासारखा करडाही तेच काम करतो.

जाड, वेणीदार स्वेटर मला फार आवडतात, पण ते जाड दाखवतात. काय करू?

घ्या, फक्त जाडी मोजून घ्या. यंत्रावर विणलेल्या कापडाची जाडी गेजमध्ये सांगतात, म्हणजे इंचाला किती सुया. १२ गेजचं कापड पातळ, शर्टावर किंवा कोटाच्या आत सहज बसणारं. ७ गेज मध्यम. ३ ते ५ गेज म्हणजे जाडजूड. वेण्यांमध्ये टाके एकमेकांवरून ओलांडून नेतात, त्यामुळे त्या जागी कापड दुहेरी होतं. जाड धाग्यात छातीभर वेण्या असल्या की दोन्ही बाजूंनी भर पडते.

मधल्या जाडीच्या धाग्यात, पुढच्या बाजूला मधोमध एक-दोन उभ्या वेण्या आणि कडेला साधी वीण, अशी रचना उंची दाखवते. अंगभर वेण्यांचा भरगच्च स्वेटर घ्यायचा असेल तर तो आखूड किंवा अंगासरशी बेताचा असू द्या, आणि खाली काहीतरी सरळ, साधं घाला. मोहेर, अंगोरा अशा धाग्यांना लव असते आणि ती कडा धूसर करून आकार वाढवते. लहान चणीच्या किंवा सपाट छातीच्या स्त्रीला ही लव फार गोड दिसते.

ढगळ, ओव्हरसाइझ स्वेटर घातला की मी हरवल्यासारखी का दिसते?

बहुधा तो बेतानेच ढगळ केलेला नसतो, फक्त मोठ्या मापाचा असतो. ढगळ दिसण्यासाठी बेतलेल्या स्वेटरला घेर मोठा असतो, पण गळा आणि मनगट आवरलेलं असतं. गळ्यातून खांदा घसरत नाही ना, बाही मनगटाशी बसते ना, हे बघा. तीन जागांपैकी एक तरी जागा दिसू द्या: मनगट, गळपट्टीची हाडं किंवा पाय. बाह्या कोपराकडे थोड्या सरकवल्या तरी स्वेटर लगेच हलका वाटतो. उंची कमी असेल तर ढगळपणा रुंदीत घ्या, लांबीत घेऊ नका.

बाहीची लांबी किती असावी?

मनगटाच्या हाडापर्यंत. बोटांपर्यंत येणारी बाही हात आखूड दाखवते आणि लवकर मळते. तीन-चतुर्थांश बाही कोपर आणि मनगटाच्या मधल्या बारीक भागावर संपते, म्हणून ती जवळपास सगळ्यांना छान दिसते. फक्त थंडीत तिचा उपयोग कमी.

कार्डिगन घ्यावा की डोक्यातून घालायचा पुलोव्हर?

एकच घ्यायचा असेल तर मी कार्डिगन सुचवेन. उघडा घातला की पुढच्या दोन कडा वरून खाली दोन उभ्या रेघा काढतात आणि मधली पट्टी हीच तुमची रुंदी वाटते. पोट, छाती, कंबर, कशाचीच फार काळजी करावी लागत नाही. बटणं लावली की तोच पुलोव्हर होतो. गर्भारपणात, बाळाला अंगावर पाजताना, वजन कमी-जास्त होत असताना, रजोनिवृत्तीत अचानक उकडायला लागतं तेव्हा, काढ-घाल करता येणारा कपडा फार मोठा आधार असतो. या कपड्याला नाव मिळालं ते सातवे अर्ल ऑफ कार्डिगन यांच्यावरून. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली बालाक्लाव्हाच्या लढाईत घोडदळाच्या तुकडीचं नेतृत्व करणारे ते हेच.

कार्डिगनची पुढची बटणपट्टी सरळ उभी राहते का, की नागमोडी होते, हे तपासा. पट्टी लहरत असेल तर विणतानाच ताण चुकलेला आहे आणि इस्त्रीने तो जाणार नाही. फार लांब, पोटरीपर्यंतचे कार्डिगन दिसायला देखणे असतात, पण वजनाने खांद्यातून ताणत जातात. मऊ, जड धाग्यात ते घेऊ नका.

लोकर टोचते. काय घालावं?

टोचणं हे तंतूच्या जाडीवर अवलंबून असतं. तंतू मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूची टोकं त्वचेवर वाकत नाहीत, रुततात, आणि खाज सुटते. मेरिनो मेंढीची लोकर बहुतेक २४ मायक्रॉनच्या आतली असते, आणि १९ च्या आसपासची तर उघड्या मानेलाही सहन होते. म्हणून एका लोकरीचा वाईट अनुभव आला तर सगळ्या लोकरीवर काट मारू नका. स्वेटर हाताला मऊ लागला तरी तळहाताची त्वचा राठ असते. तो मानेला किंवा दंडाच्या आतल्या बाजूला लावून मिनिटभर थांबा.

लोकरीचा मोठा गुण म्हणजे तिचे तंतू कुरळे आणि लवचिक असतात. ताणलेला कोपर परत जागेवर येतो, कमरेची पट्टी आपला आकार धरून राहते. शिवाय ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही. सुती स्वेटर मऊ असतो, टोचत नाही, पण जड होतो आणि ताणला की फारसा परत येत नाही. दिवसाअखेर कोपर आणि खालची कड लोंबलेली दिसते. त्यात थोडं नायलॉन किंवा इलॅस्टेन मिसळलेलं असेल तर बरं. अल्पाका या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या लोकरीचा स्वेटर उबदार आणि रेशमी, पण लांबीत वाढणारा. ॲक्रिलिक हलकं आहे, धुवायला सोपं आहे आणि लोकर न सोसणाऱ्यांना चालतं, मात्र घाम शोषत नाही. बस, गाडी, कार्यालय अशी दिवसभर आत-बाहेर ये-जा असेल तर त्यात उकडतं.

कॅश्मीअर घेण्यात अर्थ आहे का?

चांगलं असेल तर आहे. त्याचे तंतू साधारण १४ ते १९ मायक्रॉनचे असतात, आणि एका बकरीपासून वर्षाला काही मोजकेच, दीड-दोनशे ग्रॅम तंतू मिळतात. म्हणून ते महाग. अतिशय स्वस्त कॅश्मीअरमध्ये बहुधा आखूड तंतू आणि सैल पीळ असतो. असा स्वेटर पहिल्या दिवशी सर्वांत मऊ लागतो आणि लवकर गोळे धरतो. कापड थोडं ताणून सोडा. ते चटकन पूर्ववत झालं, आणि तळहाताने दहा-बारा वेळा घासल्यावर पृष्ठभाग फार पिंजला नाही, तर वीण घट्ट आहे. दोन पदरी धाग्याचा स्वेटर एकपदरीपेक्षा आकार चांगला धरतो. खर्च बेताचा ठेवायचा असेल तर वाईट कॅश्मीअरपेक्षा चांगला मेरिनो शंभर पटींनी बरा.

ऑनलाइन घेताना माप कसं ठरवू?

स्वतःच्या अंगाचं माप घेण्यापेक्षा आवडत्या स्वेटरचं माप घ्या. तो सपाट पसरून काखेखालून काखेखालपर्यंत, खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत, खांद्यापासून खालच्या कडेपर्यंत आणि बाहीची लांबी अशी चार मापं लिहून ठेवा. ती संकेतस्थळावर दिलेल्या कपड्याच्या मापांशी ताडून पाहा. काखेखालच्या मापाची दुप्पट तुमच्या छातीच्या घेरापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर जास्त असेल तर स्वेटर अंगासरसा आणि आरामशीर बसतो. १५ च्या पुढे तो ढगळ होतो. रिबच्या लवचिक स्वेटरला छातीच्या घेराइतकं किंवा त्याहून थोडं कमी माप चालतं. इंग्रजी अक्षरांतल्या मापांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीची ती वेगळी असतात.

छायाचित्रातल्या मॉडेलची उंची दिलेली असते, ती वाचा. तिच्या कमरेशी संपणारा स्वेटर तुमच्या नितंबांवर संपू शकतो.

चांगली बनावट कशी ओळखू?

काखेजवळ, मुंढ्याच्या कडेने छोट्या तिरक्या खुणांची रांग दिसते का बघा. त्या खुणा सांगतात, की भाग विणतानाच टाके कमी करत आकार दिला आहे आणि नंतर कडा जोडल्या आहेत. असा स्वेटर काखेत सपाट बसतो. मोठ्या थानातून कापून शिवलेल्या स्वेटरच्या आत जाड शिवणी असतात, त्या पातळ कापडात बाहेरून उमटतात. गळा ताणून सोडल्यावर परत यायला हवा, इतकं पाहिलं तरी बरंच कळतं.

नक्षी कुठे असावी?

नजर जिथे जावीशी वाटते तिथे. फॅशन डिझायनर एल्सा स्कियापरेली यांनी १९२७ मध्ये काळ्या स्वेटरवर गळ्याशी पांढरा बो विणूनच काढला होता. खरा बो नसून डोळ्यांना तो बांधल्यासारखा दिसायचा, आणि लक्ष थेट चेहऱ्याकडे जायचं. गळ्याभोवती वर्तुळाकार नक्षी असलेले स्वेटर हेच करतात. तीच नक्षी खालच्या पट्टीत असेल तर नजर नितंबांवर जाते. नितंब अरुंद असतील आणि भर हवी असेल तर तेही छान.

चाळिशी-पन्नाशीनंतर काही बदलावं का?

वयासाठी काहीच नाही. कंबर जाड झाली असेल किंवा खांदे पुढे झुकले असतील तर वर सांगितलेलंच पुन्हा तपासा, कारण जुन्या स्वेटरच्या रेघा आता वेगळ्या जागी पडतात. भडक लाल आवडत असेल तर भडक लालच घाला.

गोळे येतात ते निकृष्ट लोकरीमुळे का?

नेहमीच नाही. आखूड तंतू घासून बाहेर येतात आणि एकमेकांत गुंततात; खांद्यावरची पिशवी, काख, टेबलावर टेकणारी मनगटं या जागी ते आधी दिसतात. चांगल्या लोकरीत सुरुवातीचे सुटे तंतू गळून गेले की गोळे कमी होतात. ॲक्रिलिकचे तंतू मजबूत असल्याने गोळा गळत नाही, चिकटून राहतो. हाताने ओढू नका, ओढल्याने आणखी तंतू बाहेर येतात. स्वेटर सपाट ठेवून बॅटरीच्या यंत्राने किंवा खास कंगव्याने हलक्या हाताने काढा. सलग दोन दिवस एकच स्वेटर घालू नका.

धुतल्यावर बिघडू नये म्हणून?

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट होतो. तो पुन्हा मोकळा होत नाही. ३० अंशांपेक्षा कमी तापमानाचं पाणी, लोकरीसाठीचा सौम्य साबण, दहा मिनिटं भिजवणं आणि नुसतं दाबणं पुरेसं आहे. प्रथिनं विरघळवणारी एन्झाइम असलेली पावडर नको, लोकर स्वतःच प्रथिन आहे. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सपाट पृष्ठभागावर, हाताने बाह्या आणि कडा मूळ मापाला जुळवून वाळवा. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने हमखास लांबतो, आणि हाडावर संपणारी कड मांडीवर उतरते. दर वेळी घातल्यावर धुवायची गरज नसते. मोकळ्या हवेत रात्रभर ठेवला तरी लोकरीचा वास जातो.

ठेवावा कसा? कसर लागते.

घडी करून. हँगरवर खांद्यांना उंचवटे येतात. कसरीच्या पतंगाची अळी लोकर खाते, आणि घामाचे, अन्नाचे डाग असतील तिथे ती आधी पोचते, म्हणून हंगामाअखेर धुवूनच बंद डब्यात किंवा पिशवीत ठेवा. छिद्रं दिसली तर स्वेटर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. कपाटाचे कोपरेही झाडून घ्या.

घरात आहे तो न शोभणारा स्वेटर दुरुस्त होतो का?

बाही आणि लांबी बऱ्याचदा होते. खालची पट्टी काढून, हव्या तितक्या ओळी उसवून पट्टी नव्याने विणता येते. जाणकार विणकर हे सहज करून देतात. घेर बाजूच्या शिवणीतून थोडा कमी करता येतो. बंद गळ्याचा पुलोव्हर मधोमध उभा कापून, कडा आधी मशीनने पक्क्या करून, बटणपट्टी लावून कार्डिगन करता येतो, आणि जाड दाखवणारे कितीतरी पुलोव्हर असे वाचतात. खांदाच चुकलेला असेल तर हातविणीचा स्वेटर उसवून लोकर पुन्हा वापरणं उत्तम. ती लडी बांधून कोमट पाण्यात भिजवली आणि टांगून वाळवली की तिचे वेढे बरेच सरळ होतात. कापून शिवलेल्या स्वेटरच्या बाबतीत हे जमत नाही, कारण त्यातला धागा प्रत्येक ओळीला तुटलेला निघतो.